केबल, डिश, फ्री डिश की वायफाय? घरच्या टीव्हीचा वर्षाचा हिशेब असा मांडा

गावाकडे टीव्ही बघायच्या वाटा आता चार-पाच झाल्यात. कुणाकडे केबल आहे, कुणाच्या पत्र्यावर कंपनीची छत्री आहे, कुणी एकदाच पैसे टाकून फ्री डिश बसवली आहे. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून टीव्ही बघणारेही आहेत, आणि आता काही गावांत वायफायचं कनेक्शनही पोचलं आहे. दुकानदार, केबलवाला, रिचार्जवाला असा प्रत्येक जण आपलंच स्वस्त म्हणतो. कारण तो फक्त महिन्याचा आकडा सांगतो.

खरा खर्च महिन्याच्या आकड्यावरून कळत नाही. वर्षाचे पैसे किती जातात, लाईट गेल्यावर काय चालतं, पावसात काय बंद पडतं आणि घरातली माणसं खरोखर काय बघतात, या चार गोष्टी एकत्र धरल्या की उत्तर वेगळंच निघतं. दोनशे चॅनेलचे पैसे भरून घरात रोज सहाच चॅनेल लागत असतील, तर बाकीचा पैसा वाया चालला आहे.

आधी घरातला आठवडा लिहून काढा

कनेक्शन घेण्याआधी किंवा बदलण्याआधी एक सोपं काम करावं. आठवडाभर घरात कोणकोणते चॅनेल लागतात, ते कागदावर लिहावं. आजीची मालिका कोणत्या चॅनेलवर लागते, बातम्या कुठल्या, पोरांचं कार्टून कुठलं, क्रिकेट बघतात का, हे सगळं लिहावं. बहुतेक घरांत ही यादी दहाच्या वर जात नाही.

त्यानंतर टीव्ही कोणता आहे ते बघावं. जुना डबा टीव्ही असेल तर त्याला मागे पिवळी, लाल, पांढरी पिन लागते. एचडीएमआयचं तोंड त्याला नसतं. अशा टीव्हीवर एचडी चॅनेल घेऊन उपयोग नाही, कारण चित्र साधंच दिसणार. पैसे मात्र एचडीचे जाणार.

केबल: सोय मोठी, पण सगळं लाईनवर

केबलचा मोठा फायदा म्हणजे माणूस गावातलाच असतो. बिघाड झाला तर फोन करता येतो, पैसे दोन दिवस मागेपुढे झाले तरी चालतं. छत्री फिरवायची भानगड नाही. जोराच्या पावसात छत्रीवाल्यांचं चित्र अडकतं, तेव्हा केबल बऱ्याचदा चालू असते, कारण केबलवाल्याकडे सिग्नल मोठ्या छत्रीवर किंवा फायबरवरून येतो.

अडचण लाईटची आहे. केबलच्या वायरवर गावात ठिकठिकाणी डबे बसवलेले असतात, त्यांना वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या डब्याची लाईट गेली की केबल बंद. डीपी जळाला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले, तर चार दिवस टीव्ही नाही. शेतवस्तीवर एकट्या घरासाठी केबलवाला सहसा वायर ओढत नाही. ओढली तरी ट्रॅक्टर, माकडं आणि वारा यांत ती टिकत नाही.

देशभर केबल चार टप्प्यांत डिजिटल झाली. ग्रामीण भागाच्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. तेव्हापासून बॉक्सशिवाय केबल नाही. बॉक्स विकत घेतला आहे की भाड्याचा, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं. महिन्याच्या पैशांचीही पावती मागावी, तो ग्राहकाचा हक्क आहे.

खासगी डिश: सगळे चॅनेल, पण रिचार्जचं चक्र

टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच, सन डायरेक्ट या कंपन्यांची सेवा वस्तीवरसुद्धा मिळते. आकाश मोकळं असलं की झालं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी यांच्या चालू मालिका टीव्हीवर लागतील त्याच वेळी बघायच्या असतील, तर केबल किंवा खासगी डिश याच दोन सरळ वाटा आहेत.

पण पैसे कसे लागतात ते समजून घ्यायला हवं. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने २०१९ पासून नवी पद्धत लागू केली. त्यात बिलाचे दोन भाग असतात. एक भाग जोडणीचं भाडं आणि दुसरा भाग तुम्ही निवडलेल्या पैशाच्या चॅनेलची किंमत. भाड्याला आधी १३० रुपयांची मर्यादा होती. १८ टक्के जीएसटी धरून ते १५३ रुपये ४० पैसे व्हायचं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता कंपनी स्वतःचं भाडं स्वतः ठरवते. म्हणून दोन कंपन्यांचे पॅक सारखे दिसले तरी रक्कम वेगळी निघू शकते.

यातली कामाची गोष्ट अशी, की पॅक घेणं बंधनकारक नाही. चॅनेल सुटे घेता येतात. केबललाही हाच नियम आहे. कागदावर लिहिलेल्या यादीतले पाच-सहा पैशाचे चॅनेल सुटे घेतले तर किती होतात आणि पॅकमध्ये किती होतात, हे कंपनीच्या ॲपवर किंवा कस्टमर केअरला विचारून बघावं. कधी सुटे स्वस्त पडतात, कधी पॅक. आणि एकाच चॅनेलचे साधा आणि एचडी असे दोन प्रकार पॅकमध्ये आले नाहीत ना, हेही तपासावं. तसं असेल तर एकाच मालिकेचे पैसे दोनदा जातात.

दुसरी गोष्ट बॉक्सची. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. कंपनी बदलली तर बॉक्स नवा लागतो, आणि उपग्रह वेगळ्या जागी असल्यामुळे छत्रीही फिरवावी लागते. 'पहिला महिना फुकट' ऐकून दरवर्षी कंपनी बदलणाऱ्याचे पैसे बसवणुकीतच जातात.

फ्री डिश: एकदाच पैसे, पण काय दिसतं ते बघून घ्या

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. हिला महिन्याचं रिचार्ज नाही. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स असा संच बाजारात साधारण दीड ते अडीच हजारात बसवून मिळतो. त्यानंतर दरमहा शून्य.

यावर दूरदर्शनचे सगळे चॅनेल येतात. आपली सह्याद्री वाहिनी, बातम्या, डीडी स्पोर्ट्स, शेतीसाठी २०१५ पासून सुरू असलेली डीडी किसान, शिवाय शाळेच्या मुलांसाठी पीएम ई-विद्याचे इयत्तेप्रमाणे चॅनेल आणि आकाशवाणीचे रेडिओ चॅनेलही मिळतात. सोबत हिंदी सिनेमा, गाणी, बातम्या आणि काही मराठी खासगी चॅनेल असतात.

पण खासगी चॅनेलची यादी कायमची नसते. प्रसार भारती या जागांचा लिलाव करते आणि पैसे भरणारा चॅनेल दिसतो. म्हणून १ एप्रिलच्या आसपास काही चॅनेल जातात, काही नवे येतात. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल हे चारही चॅनेल एकदम निघून गेले होते. तेव्हा अनेकांना बॉक्स बिघडला असं वाटलं. चॅनेल गायब झाले तर आधी रिमोटवरून पुन्हा शोध म्हणजे स्कॅन लावावा. लगेच मेकॅनिकला बोलावून दोनशे रुपये घालवू नयेत.

मोठ्या मराठी चॅनेलच्या चालू मालिका मात्र फ्री डिशवर मिळतील हे गृहीत धरू नये. आजीला रात्री आठची ठरावीक मालिका हवीच असेल, तर फ्री डिश बसवल्यावर घरात रुसवाफुगवी होणार. आधी शेजारच्या फ्री डिशवर तासभर बसून चॅनेल बघून घ्यावेत, मग ठरवावं.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात.

१. बॉक्स एमपीईजी-४ चा आहे का, हे दुकानदाराला विचारावं. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर कमी चॅनेल दिसतात. स्वस्तात देतोय म्हणून जुना माल गळ्यात मारून घेऊ नये.

२. छत्रीला आग्नेय दिशा मोकळी हवी. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून बघितलं तर तो आग्नेयेला, बऱ्यापैकी उंचावर येतो. त्या बाजूला उंच चिंच, नारळ किंवा शेजारचा दुमजली बंगला असेल तर जागा बदलावी. उन्हाळ्यात पानगळीत बसवलेली छत्री पावसाळ्यात पालवी फुटल्यावर सिग्नल सोडते, ते याच कारणाने.

३. जुन्या कंपनीची छत्री स्वतःच्या मालकीची असेल, तर तीच आग्नेयेला फिरवून फ्री डिशचा बॉक्स जोडता येतो. एलएनबी चांगली असेल तर खर्च फक्त बॉक्सचा आणि मजुरीचा.

ऊसतोडीला किंवा कामासाठी सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना हीच वाट सोयीची. संच सोबत नेता येतो, नव्या जागी दिशा लावली की सुरू. राज्य बदललं तरी रिचार्जचा प्रश्न नाही.

मोबाईलवरून टीव्ही: फोन शेतात गेला की टीव्ही बंद

स्मार्ट टीव्ही घेतला की दुकानदार सांगतो, 'आता डिशची गरज नाही, मोबाईलचं नेट जोडा.' हे अर्धंच खरं आहे.

फुकटात बरंच मिळतं. मराठी बातम्यांचे मोठे चॅनेल यूट्यूबवर थेट दिसतात. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल आहेत. मालिका हव्या असतील तर झी मराठीसाठी झी फाइव्ह, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह अशी वेगवेगळी ॲप लागतात. सगळ्यांचे पैसे एकत्र केले तर डिश स्वस्त वाटायला लागते. स्वस्त वर्गणी घेताना ती 'फक्त मोबाईल'ची तर नाही ना, हे वाचावं. तशी वर्गणी टीव्हीवर चालत नाही.

आता डेटाचं गणित. टीव्हीवर साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबीपर्यंत नेट जातं. एचडी चित्राला ते ३ जीबीपर्यंत जाऊ शकतं. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर मालिका आणि बातम्या मिळून दीड तासात सगळं संपलं. मग पोरीच्या अभ्यासाचा व्हिडिओ, बाजारभाव, पिकाचा फोटो पाठवणं, सगळं अडकतं.

रिचार्जही बहुतेक वेळा महिन्याचं नसतं, २८ दिवसांचं असतं. वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज होतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण आकड्यांत येत नाही. बहुतेक घरांत नेटचा चांगला फोन एकच असतो, आणि तो घरच्या कर्त्या माणसाच्या खिशात असतो. सकाळी तो मोटर चालू करायला शेतात गेला की हॉटस्पॉटही गेलं. घरात म्हातारी माणसं आणि बायाबापड्या असतात, त्यांच्यासमोर कोरा टीव्ही. मोबाईलवरचा टीव्ही एकट्याला, तरुण पोराला परवडतो. घराला पुरत नाही.

वायफाय आणि एअर फायबर: पोचलं असेल तर चांगलं

फायबर किंवा ५जी वर चालणारं एअर फायबर गावात आलं असेल तर चित्र बदलतं. डेटा संपायची भीती जवळपास जाते, टीव्ही चॅनेल आणि काही ॲप प्लॅनमध्येच येतात, आणि पोरांचा अभ्यासही होतो. यातले लहान प्लॅन साधारण ५९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपयांच्या आसपास सुरू होतात. जाहिरातीत जीएसटी धरलेला नसतो, हे लक्षात ठेवावं.

ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली म्हणजे घरात नेट आलं असं नाही. तिथून घरापर्यंत वायर कोण ओढणार, तुटली तर कोण जोडणार, हे विचारावं. एअर फायबर घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन घेऊन छपरावर चढावं आणि संध्याकाळी आठ वाजता व्हिडिओ लावून बघावा. दुपारी सगळ्यांचंच नेट पळतं. रात्री आठला सगळं गाव नेटवर असतं, तेव्हा कळतं.

पाच वर्षांचा हिशेब

खालचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. आपल्या गावातला दर टाकून घरी हाच हिशेब करावा.

• फ्री डिश: पहिल्या वर्षी २,००० रुपये, पुढे शून्य. एखादी एलएनबी किंवा वायर बदलली तर पाच वर्षांत साधारण २,५०० रुपये.

• केबल: महिना २५० रुपये धरले तर वर्षाचे ३,०००, पाच वर्षांचे १५,००० रुपये.

• खासगी डिश: महिना ३०० रुपये धरले तर वर्षाचे ३,६००, पाच वर्षांचे १८,००० रुपये. बसवणूक वेगळी.

• मोबाईल नेट: २८ दिवसांचे ३०० रुपये धरले तर १३ रिचार्जचे वर्षाला ३,९००, पाच वर्षांचे १९,५०० रुपये. यात फोनही चालतो, पण ॲपच्या वर्गण्या वेगळ्या.

• वायफाय: महिना ७०७ रुपये धरले तर वर्षाचे ८,४८४, पाच वर्षांचे ४२,४२० रुपये. यात नेटही आलं.

फ्री डिश आणि खासगी डिश यांच्यात पाच वर्षांत पंधरा हजारांचा फरक पडतो. घरात पेरणीच्या तोंडाला बियाण्या-खताच्या पैशाची ओढाताण होत असेल, तर हा फरक लहान नाही.

लाईट, पाऊस आणि कडाडणारी वीज

३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ५० वॅट घेतो आणि बॉक्स १० वॅट. रोज चार तास चालवला तर महिन्याला सव्वासात युनिटच्या आसपास वीज जाते. जुना डबा टीव्ही जास्त खातो. लहान इन्व्हर्टरवर एलईडी आणि छत्रीचा बॉक्स आरामात चालतो. लाईट जाणाऱ्या गावात छत्रीचा हा मोठा फायदा आहे, कारण छत्रीला वाटेत कुणाच्या विजेची गरज नसते. वायफाय घेतलं तर राउटरलाही बॅकअप लागतो, आणि टॉवरची बॅटरी उतरली की तेही थांबतं.

मुसळधार पावसात छत्रीचं चित्र फुटतं किंवा 'सिग्नल नाही' येतं. तो बिघाड नाही. दाट ढग आणि पाऊस उपग्रहाचा सिग्नल अडवतात. पाऊस ओसरला की चित्र येतं. तेवढ्यात छत्रीला हात लावून दिशा बिघडवू नये. पाऊस थांबूनही चित्र नसेल तर एलएनबीच्या जोडात पाणी शिरलंय का ते बघावं. तो जोड प्लॅस्टिक आणि टेपने घट्ट बांधून ठेवावा.

वीज कडाडायला लागली की टीव्ही आणि बॉक्सच्या पिना भिंतीतून काढाव्यात, छत्रीची किंवा केबलची वायरही बॉक्समधून सोडवावी. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. पावसात छपरावर चढून छत्री हलवणं तर जिवावरचा खेळ आहे. विजेचा इशारा देणारं दामिनी हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे, ते फोनमध्ये असावं.

क्रिकेटवाल्यांसाठी

२००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शनला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं. म्हणून डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशवाल्याला सामना दिसतो आणि केबल किंवा खासगी डिशवाल्याला त्याच चॅनेलवर दिसत नाही. त्यांना पैशाचा स्पोर्ट्स चॅनेल घ्यावा लागतो. आयपीएल या कायद्यात येत नाही. तेवढ्यासाठी दोन महिने स्पोर्ट्स चॅनेल सुटा घ्यावा आणि संपल्यावर आठवणीने बंद करावा.

कोणत्या घराला काय?

शेतवस्ती, लाईटचा लपंडाव, पैशाची ओढ: फ्री डिश.

गावठाणातलं घर, मराठी मालिका हव्यात, केबलवाला वेळेवर येतो: केबल, तीही चॅनेल निवडून.

वस्तीवर घर आणि मालिकाही हव्यात: खासगी डिश, यादीप्रमाणे चॅनेल.

शिकणारी पोरं, ५जी किंवा फायबर चांगलं चालतं, महिन्याला सातशे झेपतात: वायफाय. मग वेगळी डिश ठेवू नये.

घरात दोन्ही गरजा असतील, तर फ्री डिश घरासाठी आणि मोबाईलचं नेट अभ्यासासाठी, ही जोडी बऱ्याच घरांना परवडते. टीव्हीने मोबाईलचा डेटा खायचं थांबतं.

पैसे देण्याआधी

• फ्री डिशला रिचार्ज, नोंदणी किंवा केवायसी नसते. त्यासाठी फोन करून पैसे मागणारा फसवतो आहे.

• 'डिश बंद होणार, लगेच लिंकवर पैसे भरा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नये. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये, बॉक्सवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो तोच लावावा. ओटीपी कुणालाच सांगू नये.

• पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

• केबल किंवा डिशवाला ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे.

• वर्षाचं रिचार्ज एकदम भरताना मध्येच बंद केलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, ते आधी विचारावं. गावात फायबर येणार असेल तर वर्षाचं भरूच नये.

• म्हाताऱ्या आईवडिलांच्या नावावर कनेक्शन असेल तर नोंदवलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते बघावं. नंबर बंद पडला की पॅक बदलणंही अवघड होतं.

कनेक्शन कोणतंही घ्या, वर्षातून एकदा आठवड्याची ती यादी पुन्हा करावी. घरातली माणसं बदलतात, मालिका संपतात, पोरं शिकायला बाहेर जातात. पैसे मात्र जुन्याच पॅकचे जात राहतात.